दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाचं ताट तसंच परत जात असेल तर काय करायचं

आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, वय ७८. ऑपरेशन व्यवस्थित झालं, डॉक्टरही चांगले होते, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण सतराव्या दिवशी घरी आणली आणि तिच्या हातात परत बांगड्या चढवायला गेले तर त्या कोपरापर्यंत घरंगळत गेल्या. हाड जुळत होतं आणि बाई वाळत चालली होती, आणि आम्ही चार जण पाळ्या लावून तिच्या उशाशीच बसलेलो होतो! सलाईनची बाटली संपत आली की धावत सिस्टरकडे जायचो, पण ताटात किती उरलंय हे एकानेही कधी बघितलं नाही. मावशी यायच्या, "झालं का आजी" विचारायच्या, आई मान हलवायची, ताट जायचं.

दोन महिन्यांनी न्यूमोनिया झाला म्हणून परत ॲडमिट करावी लागली, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी एक डाएटिशियन मॅडम भेटल्या आणि त्यांनी आमची अक्षरशः शाळा घेतली. त्या शाळेत शिकलेलं आणि नंतर स्वतः वाचून, विचारून कळलेलं इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही. किडनी, लिव्हर, हार्ट असलं काही असेल तर खालचे आकडे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच वापरा.

सगळ्यात आधी सलाईनचा गैरसमज काढून टाका. ५ टक्के डेक्स्ट्रोजची ५०० एमएलची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर, म्हणजे धरून चाला ८५ ते १०० कॅलरी, एका पोळीएवढ्या. प्रोटीन शून्य. आणि नॉर्मल सलाईन असेल तर तेवढंही नाही, नुसतं मीठपाणी. "खात नाहीये पण सलाईन चालू आहे ना" हे वाक्य आमच्याकडे मामांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी म्हटलं, मी पण म्हटलं. सलाईनने पाणी भागतं, पोट भागत नाही.

आणि म्हातारपणी हे जास्त महागात का पडतं तर पडून राहिल्यानेच स्नायू झपाट्याने जातात. २००७ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, त्यात धडधाकट, सरासरी ६७ वर्षांच्या लोकांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, खाणं नीट चालू असून, तरी पायांचं मांस जवळजवळ १ किलोने उतरलं. ही तर निरोगी माणसं. इथे वर ताप, जखम, इन्फेक्शन आणि अर्धपोटी. मग जखम भरत नाही, पाठीला बेडसोर होतात, उभं राहायला पायात जोर नसतो, खोकून कफ काढायलाही ताकद लागते ती नसते. म्हणूनच न्यूमोनिया.

आता काय करायचं ते. ॲडमिट केल्या केल्या वजन घ्यायला लावा. फाईलवर बरेचदा विचारून लिहितात, "आजी वजन किती?" "असेल पन्नास!" तसलं वजन काही कामाचं नाही. पेशंट उभा राहू शकत नसेल तर मोठ्या हॉस्पिटलात व्हीलचेअरसकट वजन करायचा काटा असतो, विचारा. काहीच नसेल तर घरून शिंप्याची टेप न्या आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे घेर मोजा, मोडलेला पाय सोडून दुसरा. ३१ सेंटीमीटरच्या खाली असेल तर स्नायू आधीच गेलेले आहेत असं समजायचं. पायावर सूज असेल तर हे माप फसवं, आणि सूज असताना वजनाचा काटाही फसवाच, पाणी वाढतं आणि आपल्याला वाटतं तब्येत सुधारली. आईची पोटरी २८ निघाली. इतकी वर्षं तिचे पाय चेपले पण हे कधी लक्षात आलं नव्हतं, साडी सगळं झाकते.

जुनं वजन शोधून काढा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या फाईलमध्ये किंवा शुगरच्या डॉक्टरांच्या कार्डावर सापडतं. ते सापडलं की मस्ट नावाचा हिशोब करता येतो, ब्रिटनमधला आहे, २००३ पासून वापरतात, आणि कागद पेन्सिलवर होतो. बीएमआय (किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं) २० च्या वर असेल तर ० मार्क, १८.५ ते २० असेल तर १, १८.५ च्या खाली २. मग गेल्या ३ ते ६ महिन्यांत आपसूक किती टक्के वजन उतरलं, ५ टक्क्यांपेक्षा कमी तर ०, ५ ते १० तर १, १० च्या वर २. आणि आजारपणामुळे पाचपेक्षा जास्त दिवस पोटात जवळपास काहीच गेलेलं नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल तर आणखी २. बेरीज २ किंवा जास्त आली की धोका जास्त. आईची उंची १५० सेंटीमीटर, वजन ४४ किलो, म्हणजे बीएमआय १९.५ च्या आसपास, १ मार्क. आधीचं वजन ४९, म्हणजे ५ किलो गेले, १० टक्क्यांच्या किंचित वर, २ मार्क. एकूण ३. दिसायला आई "काटक" होती हो, सगळे कौतुक करायचे की या वयात पोट नाही काही नाही. जाड माणसालाही हे होतं बरं का, ९० किलोचे आजोबा तीन महिन्यांत ८० वर आले तर घरचे खूश होतात, पण मार्क त्यांचेही २.

हॉस्पिटलला एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी संस्था) पाटी असेल तर त्यांना ॲडमिट पेशंटची ही तपासणी करावीच लागते, तेव्हा सिस्टरना सरळ विचारा की न्यूट्रिशन स्क्रीनिंग झालंय का आणि किती आलंय. विचारलं की फाईल उघडली जाते, एवढं मी बघितलंय.

दुसरं, वही घाला. पहिल्या वेळी मी जी चूक केली ती हीच की वही नव्हती. काही अवघड नाही, प्रत्येक वेळी ताट आलं की एक फोटो, ताट जायच्या आधी एक फोटो, आणि वहीत लिहायचं: सगळं, अर्धं, पाव, काही नाही. चहा, दूध, पाणी किती कप तेही. याचं कारण असं की पाळ्या बदलतात, सकाळी बसलेल्याला वाटतं दुपारी खाल्लं असेल, दुपारच्याला वाटतं रात्री खाईल, आणि पेशंटला विचारलं तर "खाल्लं की" हे उत्तर ठरलेलं. राउंडला डॉक्टर दोन मिनिटं असतात, तिथे "आई काही खातच नाही हो" म्हटलं तर "थोडं थोडं द्या" एवढंच मिळतं, आणि वही पुढे करून "डॉक्टर, तीन दिवसांत पाव ताटाच्या वर काही गेलेलं नाही, डाएटिशियनला रेफर कराल का" म्हटलं तर रेफर करतात. आमच्या वहीतल्या एका दिवसाचा मॅडमनी हिशोब केला, दोन चहा, चार बिस्किटं, वाटीभर पेज, चार चमचे वरणभात, अर्धा कप दूध. प्रोटीन १० ग्रॅमच्या आसपास. लागत किती होतं? आजारी म्हाताऱ्या माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ४४ किलोला ५३ ते ६६ ग्रॅम. कॅलरी किलोमागे ३० धरायच्या, म्हणजे १३०० च्या वर. प्यायचं सगळं मिळून बायकांना १.६ लिटर, पुरुषांना २ लिटर, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती खात का नाही ते शोधणं, आणि इथे माझा अनुभव असा की "भूक नाही" हे उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. आईचं खरं कारण दुसऱ्यांदा ॲडमिट असताना आठव्या दिवशी रात्री बाहेर आलं, ते पण माझ्याकडे नाही, रात्रपाळीच्या मावशीकडे. तिला बेडपॅनची लाज वाटत होती. खाल्लं की जावं लागणार, गेलं की कोणीतरी उचलणार, पुसणार, त्यात जावई किंवा मुलगा पाळीवर असेल तर नकोच ते. म्हणून ती जेवायची नाही आणि पाणी तर घोटभरच. आमच्या आयांच्या पिढीत हे किती जणींचं असेल देव जाणे. यावर उपाय बोलून होत नाही, "लाजायचं काय त्यात" म्हणून तर अजिबात नाही. आम्ही पाळ्या बदलल्या, सकाळी जेव्हा पोट साफ व्हायची वेळ तेव्हा बाईच असेल असं केलं, मावशींना आधीच सांगून ठेवलं, पडदा ओढायचा, आणि फिजिओवाल्यांना विचारून जितक्या लवकर परवानगी मिळाली तितक्या लवकर कमोड खुर्ची आणली. दोन दिवसांत खाणं वाढलं, काहीही औषध न देता.

तसंच आंघोळीचं. आईने जन्मात कधी पारोशाने खाल्लं नाही, हॉस्पिटलात स्पंजिंग येतं अकरा वाजता आणि नाश्ता येतो आठ वाजता, मग नाश्ता तसाच जातो. सकाळी साडेसातला गरम पाण्यात टॉवेल पिळून हातपाय तोंड पुसून, केस विंचरून, मोबाईलवर तिचं स्तोत्र लावलं की ती खायची. उपवासही विचारा, एकादशी, चतुर्थी, गुरुवार, त्या सांगत नाहीत आणि गुपचूप ताट परत करतात. मोडा म्हणायचं नाही, मोडणार नाहीतच, दूध, दही, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आमटी हे सगळं उपवासालाच चालतं आणि खरं सांगायचं तर त्यात हॉस्पिटलच्या खिचडीपेक्षा प्रोटीन जास्त असतं. फक्त साबुदाण्यावर भागवू नका, तो निव्वळ स्टार्च.

मग बाकीची कारणं भराभर तपासा. कवळी कुठे आहे? ऑपरेशनच्या आधी काढून पिशवीत ठेवली आणि पिशवी घरी गेली, असं आमचंच झालं. वजन उतरलं की कवळी सैलही होते. तोंडात बॅटरी मारून बघा, जिभेवर पांढरा थर असेल तर अँटिबायोटिकमुळे बुरशी झालेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा, औषध असतं त्यावर. तोंड रोज दोनदा साफ करा, दात नसले तरी, त्याने चवही येते आणि छातीत इन्फेक्शन व्हायची शक्यताही कमी होते. चष्मा आणि कानाचं मशीन लावा. दुखत असेल तर पेनकिलर जेवणाच्या अर्धा तास आधी मिळेल का विचारा, कण्हत कण्हत कोण जेवणार. तीन दिवस पोट साफ नसेल तर भूक मेलेलीच असते. मेट्रोनिडाझोल, मेटफॉर्मिन अशा गोळ्यांनी तोंड कडू किंवा धातूसारखं होतं, म्हणून ते म्हणतात वरण कडू लागतंय तर खरंच लागतंय. आणि ट्रॉली! मावशी ताट ठेवून जातात ते पायाशी, पेशंट आडवा, झाकणाला प्लॅस्टिक गुंडाळलेलं, मोडलेल्या हाताने ते उघडणार कसं. ब्रिटनमध्ये काही हॉस्पिटलांत ज्याला भरवायला मदत लागते त्याला लाल ट्रे देतात, म्हणजे लांबूनच कळतं. आम्ही बेडच्या मागे कागद चिकटवला, "आजींना भरवावं लागतं, कवळी डब्यात आहे", मोठ्या अक्षरात.

भरवताना एक गोष्ट मात्र जीवावरची आहे म्हणून नीट वाचा. झोपून भरवायचं नाही, कधीच नाही. बेडचं डोकं वर करा, जितकं सरळ बसवता येईल तितकं, मागे उशी, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच. तुम्ही उभं राहून वरून भरवलं तर मान वर होते आणि घास श्वासनलिकेकडे जातो, म्हणून स्टुलावर समोर बसा. छोटा चमचा, गिळलं की पुढचा, टीव्ही बंद, गुंगीत असेल तर भरवूच नका. खाताना खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं, खाल्ल्यावर आवाज ओला घोगरा येतो, घास गालात साठून राहतो, अधूनमधून ताप येतो, यातलं काही दिसलं की थांबा आणि सांगा. पॅरालिसिसचा झटका आलेला असेल तर गिळण्याची टेस्ट झाल्याशिवाय चमचाभर पाणीही देऊ नका, पाणी सगळ्यात पातळ म्हणून सगळ्यात धोक्याचं, लोकांना उलट वाटतं. स्पीच थेरपिस्ट नुसतं बोलायला शिकवत नाहीत, गिळण्याचंही तेच बघतात. आणि काही जणांना ठसकासुद्धा लागत नाही, गुपचूप छातीत जातं. आईचा न्यूमोनिया कशाने झाला हे कोणी ठामपणे सांगितलं नाही, पण तिला पहिल्यांदा आम्ही आडवी ठेवूनच भरवत होतो, एवढं मला माहितीये.

काय द्यायचं? तीन मोठी ताटं विसरा, म्हाताऱ्या आजारी माणसाला भरलेलं ताट बघूनच नको होतं. दर दोन अडीच तासांनी थोडं, आणि जे देतोय ते घट्ट आणि भरीव. पेज, डाळीचं वरचं पाणी, क्लिअर सूप, मोसंबी ज्यूस यांनी पोट भरतं आणि हातात काही लागत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, २०० एमएल दुधात ६ ते ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, ३० ग्रॅम कोरड्या मुगडाळीत ७, मूठभर शेंगदाण्यांत ६, दोन मोठे चमचे स्किम मिल्क पावडरमध्ये ५ च्या पुढे. म्हणून आईला द्यायचं दूध आम्ही मिल्क पावडर घालून दाट केलं, मऊ खिचडी डाळ तांदूळ समसमान घेऊन, वर तूप, वरणात पनीर कुस्करून, नाचणी सत्त्व पाण्यात न करता दुधात, मुगाचं धिरडं दह्यात बुडवून. अंडं ती खात नाही तर नाही. सकाळी भूक आणि शुद्ध दोन्ही चांगली असते, भरीव ते सकाळीच द्या, संध्याकाळी बरेच जण गोंधळतात, माणसं ओळखत नाहीत, तेव्हा हातात धरून खाता येईल असं काही द्या आणि मागे लागू नका.

पथ्याबद्दल बोलले तर घरात भांडण होतं पण बोलते. डाळ वातूळ, दही थंड, केळ्याने कफ, आंबटाने टाके पिकतात, असं करत करत ताटात मऊ भात आणि मेतकूट उरतं. मला मेतकूट आवडतं, पण टाके भरायला प्रोटीन लागतं आणि ते आपणच एकेक करून काढून टाकतो. डॉक्टरांनी लिहिलेलं पथ्य तेवढं पाळा, तेही दर राउंडला विचारा की अजून लागू आहे का. फाईलवर पहिल्या दिवशी "लिक्विड डाएट" लिहिलं तर कोणी बदलायला सांगेपर्यंत ते तसंच चालू राहतं. बिनमिठाचं जेवण कोणी खातच नसेल तर डॉक्टरांना सांगा, कधीकधी ते थोडी सूट देतात. भेटायला येणारे नारळपाणी आणतात, किडनीवाल्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना सांगा काही आणायचंच तर घरचं दही आणा.

शुगर असेल तर एक फार महत्त्वाचं. इन्सुलिन दिलं आणि मग ताट परत गेलं तर शुगर धाडकन खाली येते. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या की आधी सांगा आज ती किती खातेय, आणि इंजेक्शननंतर जेवली नाही तर लगेच सांगा, राउंडची वाट बघू नका.

एनबीएमचा, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही असा, बोर्ड लागला की घड्याळ बघायला लागा. आईचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं, दोन्ही वेळा रात्री दहापासून उपाशी, दुपारी तीनला कळलं आज नाही, आणि तोपर्यंत कॅन्टीन बंद. विचारायचं असं: नक्की किती वाजेपर्यंत खाता येईल, किती वाजेपर्यंत पाणी चालेल, नंबर कितवा आहे. साधारण नियम हलकं खाणं ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधी, पण तुमच्या पेशंटचं भूलतज्ज्ञ सांगतील तेच. आणि कॅन्सल झालं की त्याच मिनिटाला ऑर्डर बदलून घ्या, डबा जवळ तयार ठेवा.

उलट बाजूही आहे. पाच सहा दिवस किंवा जास्त जवळपास उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घालायचं नाही. आपल्याला वाटतं आता भरपाई करू, पण अचानक खाणं वाढलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळू शकतं आणि हार्टवर येतं. हळूहळू वाढवतात, आधी व्हिटॅमिन बी१ देतात, रक्त तपासत राहतात, हे डॉक्टर आणि डाएटिशियनचं काम, तुम्ही फक्त किती दिवस उपाशी आहे ते खरं सांगा.

डब्यातल्या पावडरी: जेवणाने भागत नसेल तर उपयोग होतो, पण दोन जेवणांच्या मध्ये द्या, जेवणाऐवजी नाही. डब्याच्या मागे १०० ग्रॅममध्ये प्रोटीन किती ते वाचा, काही डबे बरेचसे साखरच असतात. दिवसाला त्यातून निदान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रोटीन जायला हवं असं धरतात, म्हणजे पाण्यात एक चमचा ढवळून काही होत नाही. आणि रिपोर्टात अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी आलं म्हणून घाबरून डबे आणू नका, इन्फेक्शनमध्ये ते तसंही खाली येतं, त्यावरून खाण्याचा अंदाज बांधता येत नाही.

नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली, राइल्स ट्यूब, तर घाबरून नाही म्हणू नका, किती दिवसांसाठी आणि कशासाठी ते विचारा. झटक्यानंतर गिळणं परत यायची आशा असेल तर नळी म्हणजे तोपर्यंतची सोय. स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात मात्र नळीने आयुष्य वाढतं असं दिसत नाही, तिथे दोन चमचे प्रेमाने भरवणं बरं, डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. नळीतून देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघायचं, नंतर पाणी सोडून नळी धुवायची, आणि खोकला लागला की तिथेच थांबायचं.

डिस्चार्जच्या दिवशी गडबडीत बिलं, पास, गाडी एवढंच सुचतं. त्या दिवशी परत वजन करा आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, शिवाय डाएट चार्ट लेखी घ्या. घट्ट दूध आणि पावडर काय चालू असेल ते घरी निदान महिनाभर तरी चालू ठेवा, चार दिवसांनी "आता बरी आहे" म्हणून बंद करू नका. दर रविवारी त्याच काट्यावर, नाश्त्याआधी वजन, आणि महिन्यातून एकदा पोटरीला टेप. आईचं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय, त्यावर चतुर्थीच्या शेजारी तीच पेनने आकडा लिहिते, आज ४६.५. दोन आठवड्यांत किलोभर उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा असं मॅडमनी सांगून ठेवलंय.